पहिलीच्या वर्गातली मोसानकरीण

पटावर हवी आणि पडद्यावर नको, हे कुठल्या न्यायात बसतं ते मला कोणीतरी समजावून सांगावं. मी शाळेची पिवळी गाडी चालवते. सकाळी पोरं गोळा करायची, दुपारी घरोघरी सोडायची, एवढंच माझं काम. शिकवण्याबिकवण्यातलं मला काही कळत नाही. पण माणसाला माणसासारखं वागवतात की नाही ते कळायला बी.एड. लागत नाही.

आमची शाळा दक्षिणेच्या किनाऱ्यावर, चिखलाच्या खाडीला लागून. एके काळी एकेका वर्गात दाटीवाटीने पोरं बसायची. आता सगळ्या शाळेत मिळून माझी छोटी गाडीसुद्धा भरत नाही. त्या वर्षी पहिलीला दोनच पोरं होती, सोयुल आणि गॉनू. दोन पोरांसाठी वेगळा वर्ग ठेवत नाहीत, दुसरीत ढकलून देतात. वर्ग गेला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की उरलेली पोरं शहराकडे बघायला लागतात. म्हणून आमचे मुख्याध्यापक प्यो सर फेब्रुवारीच्या थंडीत फळांच्या रसाची खोकी काखेत मारून दारोदार हिंडत होते. लहान पोर मिळेना, तेव्हा ते म्हाताऱ्यांच्या दारात गेले. असे गेले ते मोसानकरणीच्या दारात.

तिचं खरं नाव मा बोंगनिम. पण आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव कोण घेतो? माहेरचं गाव तेच तिचं नाव. ती मोसानची म्हणून मोसानकरीण, मी हेनामची म्हणून हेनामकरीण. नवऱ्याने तिला कधी नावाने हाक मारली नाही, सासूने तर नाहीच. सत्तरी उलटली तरी ते नाव कुठेतरी ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवल्यासारखं पडून होतं.

लहानपणी तिने शाळा पाहिली ती बाहेरून. पाठीला धाकटा भाऊ बांधलेला, आणि ही खिडकीखाली उभी. भाऊ रडला की मास्तर हाकलून लावायचे. पुढे तोच भाऊ शाळेत गेला, त्याच्या मागचाही गेला, ही गेली कांद्याच्या शेतात. आमच्यात एक म्हण आहे. आमच्या लिपीतलं पहिलं अक्षर दिसायला विळ्यासारखं असतं, म्हणून अडाण्याला म्हणतात, “समोर विळा ठेवला तरी पहिलं अक्षर ओळखेना.” ही म्हण तिने जन्मभर ऐकली. सासरी ऐकली, बँकेत ऐकली, एकदा तर तिच्या स्वतःच्या पोराच्या तोंडून ऐकली. आणि विळा मात्र तिच्या हातातून कधी सुटला नाही.

प्यो सर आले तेव्हा मी तिथेच लसूण निवडत बसले होते.

“आजी, शाळेत येता का?” सरांनी अगदी कमरेत वाकून विचारलं. “पहिलीत. तुम्ही आलात तर आमचा वर्ग वाचेल.”

“झाडायला का?” मोसानकरणीने विचारलं.

“छे छे, झाडायला कसं? शिकायला! दप्तर, पुस्तकं, जेवण, सगळं शाळेचं.”

ती लसूण ठेवून उठली. हात झटकले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हेनामकरणी, चिमटा काढ गं मला एक.”

मी काढला. चांगला जोरात काढला.

मार्चमध्ये ती गाडीत चढली ती गुलाबी दप्तर घेऊन. क्वांगजू शहरातून लेकाने पाठवलेलं होतं. पोरं आधी खिदळली, मग आठवड्याभरात विसरून गेली. सोयुल आणि ती एका बाकावर. नाम बाई म्हणून तरुण शिक्षिका होती, पहिलीच नोकरी, पण पोरीला रीत होती. हजेरी घेताना ती “मा बोंगनिम” असंच म्हणायची. पहिल्या दिवशी ते ऐकून आमची मोसानकरीण अक्का ‘हजर’ म्हणायचं विसरली आणि मागे वळून बघायला लागली, कोणाला हाक मारतायत म्हणून. परत येताना गाडीत मला म्हणाली, “माझं नाव ऐकायला बरं वाटतं गं. मला वाटलं व्हतं लई वंगाळ आसंल.”

एप्रिलपासून दुसरं एक खूळ सुरू झालं. राजधानीतल्या, म्हणजे सोलच्या एका शाळेशी आमच्या शाळेने मैत्री केली. महिन्यातून एकदा पडद्यावर एकमेकांना बघायचं, आपापल्या शाळेच्या बागा दाखवायच्या, दिवसभर काय करता ते सांगायचं. कल्पना चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. तिकडच्यांची बाग छतावर, खोक्यांमध्ये. प्रत्येक पोराच्या खोक्यावर त्याच्या नावाची पाटी आणि आत सॅलडची चार पानं. तिकडची यूजू नावाची पोरगी रोज त्या पानांना बोटाने मोजायची म्हणे. आमच्या गॉनूने सांगितलं की आमच्याकडे खाडीतले खेकडे बागेत येतात आणि मी त्यांना शेपटीला धरतो. खेकड्याला शेपटी असते का, यावर दोन्हीकडच्या पोरांचं भांडण लागलं, ते पुढच्या महिन्यापर्यंत चाललं.

पडद्याच्या पहिल्याच दिवशी यूजूने विचारलं, “सोयुलच्या शेजारी बसलेली आजी कोणाची?”

नाम बाई उत्तर द्यायला तोंड उघडतात तोवर प्यो सर मध्ये पडले. “त्या आमच्या बागेच्या आजी! बाग बघतात.”

खोटं इतक्या पटकन कसं सुचतं कोणास ठाऊक. पण मागून कारण कळलं. सोलची काही घरं आपल्या पोरांना सहा महिन्यांसाठी खेड्यातल्या शाळेत पाठवतात, मोकळ्या हवेत वाढावीत म्हणून. सरांना ती पोरं हवी होती. आणि वर्गात म्हातारी बसलेली दिसली तर शहरातल्या आया काय म्हणतील? ही काय शाळा झाली की वृद्धाश्रम? म्हणजे फेब्रुवारीत वर्ग वाचवायला हात जोडून बोलवायचं, आणि एप्रिलमध्ये तिला कोपऱ्यात लपवायचं. गरज सरो नि वैद्य मरो!

तेव्हापासून पडद्याचा तास आला की सर वर्गाच्या दारात यायचे. “आजी, जरा वाफ्याकडे बघता का? तुमच्याइतकं कोणाला कळतं?” बोलणं साखरेचं, आणि हातात खुरपं. हळूहळू पडद्याचा तास नसला तरी खुरपं यायला लागलं. सोलच्या शाळेपेक्षा आपली बाग भारी दिसली पाहिजे ना! मिरची झाली, वांगी झाली, ऑगस्टअखेर मुळा आणि कोबी लावायची वेळ आली. भाषेच्या तासाला सोयुल आणि गॉनू जोडाक्षरं गिरवत होते आणि पहिलीची तिसरी विद्यार्थिनी खिडकीबाहेर उकिडवी बसून मुळ्याची रोपं विरळ करत होती. लहानपणी खिडकीच्या ज्या बाजूला होती, त्याच बाजूला परत.

मी गाडी धुताना ते बघायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा न राहवून गेले.

“अक्का, तू नाही म्हणत का नाहीस? तोंड शिवलंय का तुझं?”

“आगं, तण दिसलं की हात जातोच बघ,” ती म्हणाली. बोलता बोलता तिने माझ्या पायाखालचं गवतसुद्धा उपटलं. “हाताला सांगून ऐकत न्हाईत ते.”

“हाताचं सोड. तोंडाचं काय?”

तिने खुरपं खाली ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “नाव कमी केलं तर? त्येंनीच घातलंय, त्येच काढतील. आजून मला माझा दिवस लिवाया येत न्हाई. तेवढं येऊ दे.”

‘माझी शाळा, माझा दिवस’ हा पहिलीचा मोठा धडा होता. दोन्ही शाळांच्या पहिलीतल्या प्रत्येक पोराने आपल्या हाताने लिहायचं आणि नोव्हेंबरात सोलची पोरं आमच्याकडे आली की सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. नाम बाईंनी तिलाही सांगितलं होतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती खुरपं सोसत होती. रोज सकाळी गाडीत माझ्या मागच्या सीटवर ओठ हलत असायचे. मी आरशातून बघायची. कधी एखादा शब्द अडला की सोयुलला कोपराने ढोसायची, आणि ती कार्टी मोठ्या बाईच्या थाटात म्हणायची, “परवाच सांगितलं होतं ना आजी! लक्ष कुठे असतं तुझं?”

नोव्हेंबर संपत आला तसा किमजांगचा दिवस ठरला. हिवाळाभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून घालायची, ही आमची रीत. सोलची पोरं, त्यांच्या आया, त्यांच्या शाळेचे लोक बसने येणार, आमच्या बागेतले मुळे उपटणार, कोबीला मसाला लावणार, मग वाचन, मग जेवण. आदल्या दिवशी प्यो सरांनी मोसानकरणीला लाल एप्रन दिला. त्यावर ‘बागेची आजी’ असं छापून घेतलं होतं. छापून! म्हणजे हे ठरवून चाललं होतं.

“सर, पण त्यांचं वाचन आहे,” नाम बाई म्हणाल्या.

“बघू, वेळ उरला तर,” सर म्हणाले. “बाई, पाहुण्यांना मुलं बघायचीत हो. आणि आजींना तरी कशाला त्रास? थोडं अडखळल्या तर त्यांनाच वाईट वाटेल.”

बघा कसं असतं ते. हिचा हक्क हिरावून घ्यायचा, आणि वर हिच्याच काळजीने आपण झुरतोय असं दाखवायचं! नाम बाईंचे कान लाल झाले, पण नव्या नोकरीतलं माणूस किती बोलणार. मोसानकरणीने तो एप्रन हातात घेतला, त्यावरची अक्षरं एक एक करत स्वतः वाचली, आणि दप्तरात घातला. सहा महिन्यांपूर्वी तिला ती वाचता आली नसती. ती वाचता येऊ लागली तेव्हा पहिलं काय वाचायला मिळालं, तर हे.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरलेली कोबी पाटीपाटीने निथळत होती. गावातल्या बायका, मी, तो लाल एप्रन घातलेली मोसानकरीण, सगळ्या रबरी हातमोजे चढवून तिखटाच्या ढिगाभोवती बसलो होतो. सोलची पोरं मुळे उपटताना मागच्या मागे आपटत होती आणि पुन्हा पुन्हा आपटायला मिळावं म्हणून रांग लावत होती. यूजू तर मातीत फतकल मारूनच बसली. तिची आई दोनदा म्हणाली, “कपडे, यूजू, कपडे!” आणि मग तिनेही नाद सोडला.

मग सभागृहात वाचन झालं. आम्ही बायका हातातलं काम टाकून मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलो. यूजूने वाचलं, “आमची बाग छतावर आहे. शाळा सुटल्यावर मी इंग्रजीला जाते, मग गणिताला, मग पियानोला. मधल्या वेळात दुकानात उभं राहून भाताचा त्रिकोणी गोळा खाते. मला बाग सगळ्यात जास्त आवडते, कारण तिथे मला कोणी काही विचारत नाही.” तिच्या आईने मान खाली घातली. गॉनूने खेकड्यांचं वाचलं, शेपटीसकट. सोयुलने आपल्या कुत्रीचं वाचलं. माझ्या शेजारी मोसानकरणीने मोजे काढले, हात पुसले, एप्रनच्या खिशातून कागद काढून नीट केला.

“वा, छान!” प्यो सर पुढे होऊन म्हणाले. “आता सगळे जेवायला चला, गरम गरम आहे!”

मी तिच्याकडे बघितलं नाही. मला बघवेना.

जेवणाला लांबलचक चटया, त्यावर बुटकी टेबलं. उकडलेलं डुकराचं मांस, ताजी किमची, कालवं, रस्सा, वाफाळता भात. सरांना पाहुण्यांपुढे संस्कार दाखवायचे होते. त्यांनी मोसानकरणीला दंडाला धरून अगदी मधल्या टेबलाच्या मानाच्या जागी बसवलं. “या आमच्या बागेच्या आजी. इथे सगळ्यांत वडीलधाऱ्या. आज हे जे काही आहे ते यांच्या हातचं!” टाळ्या झाल्या. सगळे बसले. आणि सगळे थांबले.

आमच्याकडे पंक्तीतलं सर्वांत वयस्क माणूस चमचा उचलत नाही तोवर कोणी घास घेत नाही. तान्ही पोरंसुद्धा हे शिकूनच मोठी होतात. आणि मोसानकरणीने चमचा उचलला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोर बघत बसली.

“आजी, घ्या,” सर हसत म्हणाले.

ती हलली नाही.

“आजी, रस्सा निवतोय. सुरुवात करा ना.”

“माझी पाळी ऱ्हायलीय,” ती म्हणाली.

“कसली पाळी?”

“वाचायची. पहिलीच्या समद्यांनी वाचलं. मी पहिलीत हाय.”

सोलच्या शाळेचे मुख्याध्यापक आमच्या सरांकडे बघायला लागले. आया एकमेकींकडे. आमचे सर म्हणाले, “हो, हो, जेवण झाल्यावर निवांत ऐकू की आपण. मुलं भुकेली आहेत, आजी.”

“मुलं भुकेली हायत ते मलाबी दिसतंय. म्हणून तर म्हणते, उगा येळ नका लावू.”

मांसावरची वाफ विरत चालली. गॉनूच्या पोटातून असा आवाज आला की दोन टेबलं हसली. पण चमचा कोणी उचलला नाही. कोण उचलेल? उचलला असता तर आईबापांची लाज गेली असती. सरांनी ज्या मानाच्या जागेवर तिला बसवलं होतं, तिथून तिला उठवायची सोय त्यांना उरली नव्हती.

तेवढ्यात यूजूने सोयुलला मोठ्याने विचारलं, “ही आजी खरंच पहिलीत आहे?”

“मग काय!” सोयुल म्हणाली. “माझ्याच बाकावर बसते. माझं खोडरबर संपवलं तिने. पण पडद्याचा तास आला की सर तिला बाहेर काढतात.”

लहान पोराच्या तोंडाला कुलूप कोण घालणार?  नाम बाई उठल्या. कान लालच होते, पण आवाज खणखणीत. हजेरीला हाक मारतात तशी त्यांनी हाक मारली, “मा बोंगनिम!”

“हजर,” म्हणत ती उठली. तो लाल एप्रन काढून घडी करून बाजूला ठेवला. कागद उघडला. आणि बोट ठेवून, एकेका शब्दावर थांबत, वाचायला लागली.

“मी मा बोंगनिम. मी पहिलीत शिकते. सकाळी पिवळ्या गाडीने येते. माझ्या शाळेत बाग आहे. बाग मोठी आहे. मला बाग आवडत नाही. मी लहानपणापासून शेतात होते. मी शाळेत आले, तर मला खुरपं दिलं. सगळे म्हणतात, आजीला शेतातलं कळतं. ते मला आधीच कळत होतं. मला अक्षरं हवी होती. ज्या मुलांना बाग आवडते, त्यांना बाग द्या. मला माझ्या बाकावर बसू द्या.”

दोनदा अडखळली. एकदा सोयुलने बसल्या जागेवरून सांगितलं, एकदा तिचं तिलाच जमलं. वाचून झाल्यावर ती खाली बसली, चमचा उचलला, रश्श्याचा एक घोट घेतला आणि म्हणाली, “जेवा रे पोरांनो. निवलंय, पर ग्वाड लागतंय.”

माझ्या डोळ्यांना धार लागली होती, तिखटाच्या हातानेच पुसली, ते वेगळंच निस्तरावं लागलं. यूजूची आई जेवताना लेकीच्या ताटात मांस वाढत राहिली.

एवढं झाल्यावर माणसाने तोंड लपवून बसावं की नाही? पण प्यो सर म्हणजे काय चीज आहे! सगळ्यांत आधी टाळ्या वाजवणारे तेच. जेवणं उरकेपर्यंत ते पाहुण्यांना सांगत फिरत होते, “हेच तर आमच्या शाळेचं वैशिष्ट्य. आमच्याकडे शिक्षणाला वयाची अट नाही!” चोरून कोपऱ्यात लपवलेली वस्तू उघडी पडली, तर आता तिलाच दागिना म्हणून गळ्यात मिरवायला निघाले. तालुक्याच्या वर्तमानपत्राचा माणूस आला होता, त्याला त्यांनी हाताला धरून अंगणात आणलं. दोन्ही शाळांची पोरं उभी केली, मधोमध मोसानकरीण. कागद तिने अजून हातातच धरला होता.

सरांनी पाटीतून सगळ्यांत लांब, पाल्यासकट मुळा उचलला आणि तिच्यापुढे धरला. “आजी, तो कागद द्या माझ्याकडे. हा मुळा धरा. फोटोत छान दिसेल.”

तिने कागद जरा आणखी वर धरला, अक्षरं समोरून दिसतील असा.

“मुळा तुम्हीच धरा, सर,” ती म्हणाली. “माझा हात मोकळा न्हाई.”